पूर, ऊन आणि ग्रामपंचायत: तुमचे प्रश्न

प्रश्न: आमचं गाव कृष्णाकाठी. 2019 ला पाणी घरात, 2021 ला परत. संरक्षक भिंत बांधली की सुटलो का?

भिंतीचा उपयोग नाही असं नाही, पण एका काठाला भिंत घातली की पाणी समोरच्या गावावर जातं, आणि पावसाचं पाणी तुमच्याच गावात तुंबतं ते वेगळंच, मग पंप हवेत आणि नेमकी तेव्हाच लाईट गेलेली असते. मी आधी बोटी आणि निर्णय यांच्या मागे लागेन. 2019 च्या पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली तेव्हा ती माणसांनी खचाखच भरलेली होती. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात, 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. तिथं किती फूट झालं की आपल्या गल्लीत पाणी येतं हे गावातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतं, ते आकडे चावडीच्या भिंतीवर रंगवा ना! कितव्या फुटाला बाळंतिणी निघणार, कितव्याला आजारी माणसं, हे मे महिन्यातच ठरवा. आणि जनावरं कुठं बांधायची तेही, कारण गोठा सोडून माणूस हलत नाही, मग शेवटच्या बोटीला गर्दी होते.

प्रश्न: ओडिशाला जमलं ते आपल्याला का जमत नाही?

1999 च्या महाचक्रीवादळात तिथं जवळपास 10 हजार माणसं गेली. 2013 ला फायलिन चक्रीवादळ आलं तेव्हा 10 लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. मधल्या काळात त्यांनी वेगळं आपत्ती प्राधिकरण उभं केलं, किनाऱ्यावर निवारे बांधले, ते चालवायला गावच्या कमिट्या. बऱ्याच निवाऱ्यांत एरवी शाळा भरते, म्हणजे वापर राहतो. आपल्याकडे हॉल बांधतात आणि चावी कुणाकडे ते ऐनवेळी शोधतात 😀 पण वादळ चार दिवस आधी दिसतं. रायगडच्या इर्शाळवाडीत 19 जुलै 2023 ला रात्री दरड आली, तिथं पळायला वेळच नव्हता. अशा डोंगराखालच्या वस्त्या आधीच हलवायला हव्यात, तेही लोकांना विचारून, शेतीपासून फार लांब नाही.

प्रश्न: पत्र्याचं घर, उन्हाळ्यात भट्टी होते. स्वस्तात काही?

पत्र्यावर पांढरा चुना मारा, फरक पडतो. पावसात धुऊन जातो, म्हणून दरवर्षी मारायचा.

प्रश्न: सरपंच म्हणतात पैसाच नाही.

अगदीच नाही असं नसतं. 15 व्या वित्त आयोगातून ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या केंद्राच्या निधीत 60 टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेले होते, त्यात पावसाचं पाणी साठवणंही बसायचं, आणि 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणे, फक्त पगार आणि आस्थापनेचा खर्च सोडून. पण काम गावच्या विकास आराखड्यात नसेल तर घोडं तिथंच अडतं, म्हणून ग्रामसभेत आराखडा ठरतो त्या दिवशी हजर राहा आणि ठराव लिहून घेतल्याशिवाय उठू नका.