पहिलीच पायलट ग्रांट आहे ना, मग एवढं बघ

अर्ज टाकायचं ठरवलंस हे झकास केलंस. आता एकच धरून चाल, पायलटच्या, म्हणजे छोट्या प्राथमिक अभ्यासाच्या, पैशात रोग बरा करायचा नसतो, पुढच्या मोठ्या ग्रांटला लागणारा डेटा उभा करायचा असतो. म्हणून प्रश्न छोटा ठेव. "कॅन्सरचे सगळे जीन्स बघणार" लिहिलंस की रिव्ह्यूअरचा विश्वास उडतो. त्यापेक्षा क्लोपिडोग्रेल हे रक्ताच्या गुठळ्या रोखणारं औषध घे, ते शरीरात ॲक्टिव्ह व्हायला सीवायपी२सी१९ एन्झाइम लागतं आणि काहींच्यात ते नीट चालत नाही, तर त्या एन्झाइमच्या जीनचा रिपोर्ट डॉक्टरच्या हातात वेळेत पोचतो का, एवढंच तपास. हे आवाक्यातलं आहे.

नवीन लोकांचं हमखास चुकतं ते:

- एथिक्स कमिटीची परवानगी. पैसे आल्यावर बघू म्हणतात आणि निम्मा वेळ त्यातच जातो. जेनेटिक डेटा पुढे वापरायची, शेअर करायची परवानगी संमतीपत्रातच घेऊन ठेव, नंतर पेशंटला परत गाठणं महाकठीण.
- सगळं बजेट सिक्वेन्सिंगवर (डीएनए वाचण्यावर), ॲनालिसिस करणाऱ्या माणसाला काहीच नाही.
- स्टॅटिस्टिशियनला शेवटच्या दिवशी फोन. प्रश्न ठरवतानाच सोबत घे.

आधीचे साठवलेले सॅम्पल्स मिळाले तर सोनंच, फक्त डीएनएची क्वालिटी आधी तपासून घे. ड्राफ्ट झाला की विषयाबाहेरच्या कुणाला तरी वाचायला दे.