कालव्याच्या रेषेवर विमोचकाचा साखळी क्रमांक पोस्टजीआयएसमध्ये कसा काढायचा?

तुमचा प्रश्न मला असा समजला: कालवा उपग्रह चित्रावरून आखून पोस्टजीआयएसमध्ये (नकाशाचा डेटा साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये) टाकला आहे, विमोचकांचे (कालव्यातून शेताकडे पाणी सोडणाऱ्या दारांचे) बिंदू मोबाइलच्या जीपीएसवर घेतले आहेत, आणि प्रत्येक विमोचक मुखापासून किती अंतरावर आहे ते, म्हणजे त्याचा साखळी क्रमांक, काढायचं आहे. एसटी_लाइनलोकेटपॉइंट चालवलं की एरर येते. एकाच तुकड्यावर चालवलं तर 0.83 असा आकडा येतो आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही.

मी हेच काम एका शाखा कालव्यावर केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देते आहे. टाइप करताना ती रोमन अक्षरांत आणि एसटीनंतर अधोरेषा देऊन लिहा.

0.83 म्हणजे रेषेच्या सुरुवातीपासून 83 टक्के लांबीवर. हे फंक्शन अंतर देत नाही, 0 ते 1 मधला भाग देतं. त्याला रेषेच्या लांबीनं गुणलं की अंतर मिळतं. पण ‘सुरुवात’ म्हणजे तुम्ही आखताना पहिला क्लिक जिथे केलात ती जागा. शेपटाकडून मुखाकडे आखलं असेल तर सगळे आकडे उलटे येतील. एसटी_स्टार्टपॉइंट काढून तो बिंदू खरंच मुखापाशी आहे का ते नकाशावर पाहा. नसेल तर एसटी_रिव्हर्स.

एरर येते कारण तुमचा कालवा ‘मल्टिलाइनस्ट्रिंग’ आहे, म्हणजे अनेक तुकड्यांचा गठ्ठा, आणि या फंक्शनला एकच सलग रेषा लागते. एसटी_लाइनमर्ज तुकडे जोडतं, पण दोनच अटींवर. टोकं तंतोतंत जुळली पाहिजेत, आणि जिथे तीन किंवा जास्त रेषा भेटतात तिथे ते थांबतं. म्हणून वितरिका आणि चाऱ्या (कालव्यातून फुटणारे फाटे) आधी वेगळ्या टेबलात काढा, मुख्य कालवा एकटा ठेवा. तरीही सलग रेषा मिळाली नाही तर कुठेतरी फट आहे. माझ्या अनुभवात फटी हमखास सापडतात त्या नाल्याखालून जाणाऱ्या भागात, कारण उपग्रह चित्रात तिथे पाणी दिसत नाही आणि आखणारा माणूस थांबतो. त्या दहा-वीस मीटरची लांबीही साखळीत मोजली जाते, तेव्हा क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये स्नॅपिंग (टोकाला टोक चिकटवण्याची सोय) चालू करून त्या फटी हातानंच भरा. ठरावीक अंतराचा ग्रिड लावून टोकं आपोआप चिकटवायचा मोह होतो, पण अगदी जवळची दोन टोकंही ग्रिडच्या दोन वेगळ्या घरांत पडू शकतात आणि फट तशीच राहते.

आता मीटर. तुमचा डेटा बहुधा 4326 या निर्देशांक संहितेत, म्हणजे अक्षांश-रेखांशात आहे. त्यावर एसटी_लेंथ काढली तर उत्तर अंशांत येतं. बरेच जण यावर उपाय म्हणून भाग अंशांतल्या रेषेवर काढतात आणि लांबी मीटरमध्ये काढून गुणतात. तसं करू नका. आपल्याकडे 18 अंश अक्षांशावर अक्षांशाचा एक अंश सुमारे 110.7 किमीचा आणि रेखांशाचा एक अंश सुमारे 106 किमीचा भरतो. त्यामुळे पूर्व-पश्चिम वाहणाऱ्या पट्ट्याला हिशेबात जास्त वजन मिळतं आणि मधले सगळे भाग सरकतात. आधी एसटी_ट्रान्सफॉर्मनं रेषा आणि बिंदू दोन्ही 32643 या मीटरमधल्या संहितेत न्या, मग बाकीचं करा. ही संहिता 72 ते 78 पूर्व रेखांशांसाठी आहे. तुमचा कालवा वर्धा-नागपूरकडचा असेल तर 32644 घ्या. पोस्टजीआयएस 3.4 पासून एसटी_लाइनलोकेटपॉइंट ‘जिऑग्राफी’ प्रकारावरही (अक्षांश-रेखांश ठेवून मीटरमध्ये मोजणाऱ्या) चालतं, पण पुढची मापाची फंक्शनं वापरायची असल्यानं मी मीटरमधली रेषाच ठेवते.

खरा घोटाळा याच्या पुढे होतो आणि त्याची एरर येत नाही. कालवा समपातळी धरून जातो, त्यामुळे नाला आला की तो नाल्याच्या कडेनं आत शिरतो, वर ओलांडतो आणि दुसऱ्या कडेनं परत येतो. वळणाच्या तोंडाशी दोन्ही हात एकमेकांपासून साठ-सत्तर मीटरवर असतात, कालव्याच्या वाटेनं मात्र मध्ये दीड-दोन किलोमीटर पाणी असतं. फंक्शन फक्त सर्वांत जवळची एक जागा शोधतं. आमच्याकडे एका विमोचकाचा बिंदू घेणारा माणूस दाराशी उभा न राहता पाइपाच्या दुसऱ्या टोकाला, शेतात उभा होता. बिंदू पलीकडच्या हाताला चिकटला आणि 14/200 चा (14 किमी 200 मीटरवरचा) विमोचक 15/900 वर गेला. ते विमोचक पाणीवापर संस्थांना वाटून द्यायचे होते. यादी तशीच गेली असती तर त्या शेतकऱ्यांची पाणीपाळी दुसऱ्याच संस्थेत लागली असती.

हे पकडायला दोन गोष्टी करा. एक, प्रत्येक बिंदूचं रेषेपासूनचं अंतर एसटी_डिस्टन्सनं काढून वेगळ्या रकान्यात ठेवा आणि तीस मीटरच्या वरचे बिंदू नकाशावर एकेक करून पाहा. दोन, विमोचकांची यादी नोंदवहीतल्या क्रमानं लावा आणि ‘लॅग’ विंडो फंक्शननं आधीच्या विमोचकाशी तुलना करा. मुखाकडून शेपटाकडे जाताना भाग वाढतच गेला पाहिजे. जिथे तो घसरतो तिथला बिंदू किंवा त्याच्या आधीचा बिंदू चुकीच्या हाताला चिकटला आहे. मग मागच्या आणि पुढच्या खात्रीच्या विमोचकांमधला तेवढाच तुकडा एसटी_लाइनसबस्ट्रिंगनं कापा आणि त्या तुकड्यावर पुन्हा शोधा. तुकडा 0.30 ते 0.36 असेल आणि त्यावर उत्तर 0.5 आलं, तर पूर्ण रेषेवरचा भाग 0.33.

एवढं करूनही तुमचे आकडे कालव्यावरच्या किलोमीटरच्या दगडांशी जुळणार नाहीत, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा इथेच आहे. आखताना आपण वळणं कापतो म्हणून आपली रेषा आखूड भरते. कालव्याची वाट मध्ये कुठे सरळ केलेली असते, पण पुढच्या दगडांवरचे आकडे जुनेच राहतात. कालवा निरीक्षक, पाटकरी आणि शेतकरी त्या दगडावरचाच आकडा बोलतात. तुमच्या टेबलातला 12/370 कितीही अचूक असला तरी, दगडाच्या हिशेबानं तो विमोचक 12/400 चा असेल तर फोनवर कुणालाही तो सापडणार नाही.

म्हणून पूर्ण लांबीनं गुणू नका, दगडांना बांधून घ्या. एक दिवस कालव्यावर फिरून जेवढे किलोमीटरचे दगड शाबूत आहेत त्यांचे बिंदू घ्या. प्रत्येक दगडाचा रेषेवरचा भाग काढा, क्रमानं लावा, आणि लागोपाठच्या दोन दगडांमधला तुकडा एसटी_लाइनसबस्ट्रिंगनं वेगळा करा. मग त्या तुकड्याला एसटी_अ‍ॅडमेझरनं सुरुवातीचं आणि शेवटचं माप द्या, उदाहरणार्थ 12000 आणि 13000. तुकडा प्रत्यक्षात 974 मीटर भरला तरी हरकत नाही, मधलं माप प्रमाणात वाटलं जातं. तुकडे एका टेबलात वेगवेगळ्या ओळी म्हणूनच राहू द्या. जोडायचा मोह झाला तर लक्षात असू द्या की एसटी_लाइनमर्ज मापं पुसून टाकतं, त्यामुळे जोडणी नेहमी मापं देण्याआधी करायची.

यानंतर विमोचकाचा बिंदू ज्या तुकड्यावर पडतो तो घ्या आणि एसटी_इंटरपोलेटपॉइंट चालवा. थेट 12400 असा आकडा मिळेल. तुकडा निवडताना नुसतं अंतर पाहिलंत तर नाल्याच्या वळणावरची तीच चूक परत होईल, म्हणून वर सुधारलेला भाग वापरूनच निवडा. उलट दिशेनं, ‘12/400 कुठे आहे’ असं कुणी विचारलं तर एसटी_लोकेटअलाँग, आणि ‘12/400 ते 13/100 अस्तरीकरण’ असा पट्टा रंगवायचा असेल तर एसटी_लोकेटबिट्वीन. पट्टा दोन दगडांच्या पलीकडे जात असेल तर दोन्ही तुकड्यांतून उत्तर येईल, ते एसटी_कलेक्टनं गोळा करा.

कालवा विमोचकापाशी तोडायचा असेल तर एसटी_स्प्लिट वापरू नका. बिंदू रेषेवर आणून ठेवला तरी दशांशांच्या गोळाबेरजेत तो केसभर बाजूला राहतो आणि रेषा तुटत नाही. भाग तुमच्याकडे आहेतच, त्यावर एसटी_लाइनसबस्ट्रिंग चालवा.

दगड फारच थोडे सापडले तर जलसेतू, पूल आणि वितरिकांची मुखं घ्या. त्यांचे साखळी क्रमांक कालव्याच्या जुन्या रेखाचित्रात लिहिलेले असतात आणि जागा उपग्रह चित्रात स्पष्ट दिसतात. आम्हाला अर्ध्या लांबीत एकही दगड वाचता आला नव्हता, तिथे वितरिकांच्या मुखांवरच काम झालं.