रास्पबेरी पायवर घरासाठी टॉर राउटर बनवायचा आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची एक डबी बनवायची आहे. फोन, लॅपटॉप, टीव्ही, जे काही तिच्या वायफायला जोडलं जाईल ते आपोआप टॉरमधून, म्हणजे पत्ता लपवणाऱ्या रिले संगणकांच्या जाळ्यातून, जाईल आणि घरातले सगळे अनामिक होतील. मी २०१६ मध्ये नेमकी हीच डबी बनवली होती, म्हणून आधी तिची गोष्ट सांगतो.

डबी चालली. धाकट्या भावाचा फोन जोडला, तर आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, तपासणारं पान आम्ही जर्मनीत आहोत असं दाखवू लागलं. आम्हाला केवढा आनंद! अर्ध्या तासात त्याच्या बँकेनं परदेशातून लॉगिन झालं म्हणून खातं गोठवलं आणि शाखेत दोन खेपा घालाव्या लागल्या. पण खरी चूक मला रात्री नोंदी चाळताना दिसली. तेवढ्या वेळात फोननं मेल तपासली होती, फोटोंचा बॅकअप चढवला होता, कॉन्टॅक्ट जुळवून घेतले होते, आणि हे सगळं त्याच्याच खात्यात लॉगिन राहून. पत्ता लपला होता, पण फोन प्रत्येक दारात जाऊन भावाचं नाव सांगत होता. शिवाय मी सगळ्या जोडण्या एकाच वाटेनं सोडल्या होत्या. म्हणजे त्याच्या नावाची मेल आणि त्याचं 'निनावी' ब्राउझिंग एकाच एक्झिटमधून, म्हणजे टॉरच्या शेवटच्या रिलेमधून, शेजारी शेजारी बाहेर पडत होतं.

टॉर काय लपवतं ते आधी पक्कं करून घ्या. ही कल्पना १९९०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत निघाली. तुमची माहिती एन्क्रिप्शनच्या, म्हणजे सांकेतिक कुलपांच्या, तीन थरांत गुंडाळून तीन रिलेंमधून जाते आणि प्रत्येक रिले आपल्यापुरता एक थर सोलतो. पहिल्याला, म्हणजे गार्डला, तुम्ही कोण ते कळतं, पण कुठे चाललात ते कळत नाही. शेवटच्या एक्झिटला नेमकं उलटं. लपतं ते एवढंच, की कोण कोणाशी बोलतंय. तुम्ही काय बोलता ते झाकणं टॉरचं काम नाही. २००७ मध्ये डॅन एगरस्टाड या स्वीडिश माणसानं स्वतःचे एक्झिट चालवून त्यातून जाणारे ईमेलचे पासवर्ड वाचले. त्यात कित्येक देशांच्या वकिलाती होत्या, भारताच्याही. वकिलातींची मेल एन्क्रिप्शनशिवाय जात होती, आणि त्याला टॉर काही करू शकत नव्हतं.

दुसरी गोष्ट ब्राउझरची. टॉर ब्राउझर खिडकीचा आकार, फॉन्ट, वेळेचा पट्टा अशा खुणा शक्य तितक्या एकसारख्या करतो, म्हणजे वापरणारे सगळे एकाच गणवेशात दिसतात. डबीमागचं साधं क्रोम मात्र आपल्या रोजच्याच कपड्यांत बाहेर पडतं. आणि डबीमागे टॉर ब्राउझर चालवला तर टॉरमध्ये टॉर होतं, जे करूच नये.

म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे: सगळं टॉरमधून ढकलणारी डबी बनवू नका, टॉरशिवाय काहीच बाहेर जाऊ न देणारी डबी बनवा. डबीवर फक्त सॉक्स पोर्ट, म्हणजे ब्राउझरनं टॉरला जोडायचं दार, उघडा ठेवा, टॉर ब्राउझरला स्वतःचा टॉर न चालवता तोच पोर्ट वापरायला सांगा, आणि बाकी सगळं एनएफटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलमध्ये, ड्रॉप करा. बाहेर जाण्याची मुभा एकट्या टॉर प्रोसेसच्या यूजरला. आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, विसरू नका. आपल्याकडे मोबाइल इंटरनेटवर ते सर्रास असतं, आणि नियम फक्त आयपीव्ही४चे लिहिले तर सगळं त्या दारानं मुकाट्यानं बाहेर जातं. हुनिक्स ही टॉरसाठी बनवलेली ऑपरेटिंग सिस्टिम हेच काम दोन व्हर्च्युअल मशीनमध्ये करते. तिची रचना आधी नीट वाचा.

हार्डवेअरमध्ये माझे सर्वांत जास्त दिवस घड्याळानं खाल्ले. पाय ४ पर्यंतच्या पायवर घड्याळाची चिप नसते. पाय ५ वर आहे, पण सेल वेगळा लावावा लागतो. वीज गेली की वेळ मागे राहते, आणि वेळ फार चुकली तर टॉर जोडणीच करत नाही, कारण रिलेंची यादी दर तासाला नवी निघते आणि तिच्यावर मुदत असते. एनटीपीनं, म्हणजे इंटरनेटवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीनं, वेळ आणावी तर ती यूडीपी प्रकारच्या पॅकेटांवर चालते, आणि टॉर यूडीपी नेत नाही. म्हणजे आपल्याच नियमांत भोक पाडावं लागतं. डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपची छोटी पट्टी लावली आणि माझा प्रश्न सुटला.

दुसरा खड्डा याहून फसवा आहे. वीज जाऊन एसडी कार्ड बिघडू नये म्हणून आपण कार्ड रीड-ओन्ली करतो, म्हणजे त्यावर लिहिणं बंद करतो. पण टॉर आपला गार्ड महिनोन्‌महिने धरून ठेवतो आणि त्याची नोंद डिस्कवर असते. ती पुसली गेली तर प्रत्येक रीबूटला नवा गार्ड, आणि तितकी वाईट माणसाच्या रिलेशी गाठ पडण्याची शक्यता जास्त. तेवढी एक डिरेक्टरी लिहिता येईल अशी ठेवा.

विकण्याचा विचार असेल तर अनोनाबॉक्स नावाची अशीच टॉर डबी आठवा. ऑक्टोबर २०१४ मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून निधी जमवणाऱ्या संकेतस्थळावर तिच्या निर्मात्यांनी ७,५०० डॉलर मागितले आणि काही दिवसांत साडेपाच लाखांच्या वर जमले. मग लोकांनी फोटो बघून ओळखलं की 'स्वतः घडवलेलं' म्हणून दाखवलेलं हार्डवेअर बाजारात मिळणारा चिनी राउटर आहे. सगळ्या डब्यांना रूटचा, म्हणजे मुख्य खात्याचा, पासवर्ड एकच असल्याचंही उघड झालं आणि किकस्टार्टरनं मोहीम थांबवली. तुमची इमेज, म्हणजे कार्डाची तयार प्रत, दहाजणांना दिलीत तर पासवर्ड आणि दुरून लॉगिन करण्याच्या एसएसएच किल्ल्या प्रत्येक डबीत पहिल्या बूटला नव्या तयार झाल्या पाहिजेत.

चाचणी खऱ्या नेटवर्कवर लोकांची रहदारी बघून करू नका. चटनी नावाचं साधन तुमच्याच मशीनवर छोटं टॉर नेटवर्क उभं करतं, ते वापरा. शेवटची परीक्षा सोपी आहे. बाहेरच्या बाजूला टीसीपीडम्प, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन, लावा, टॉरच्या रिलेंशिवाय कोणाचाही पत्ता दिसता कामा नये. मग टॉर मारून टाका. इंटरनेट पूर्ण बंद पडलं तर डबी पास.

कायद्याचं विचारलंत. भारतात टॉर वापरायला बंदी नाही. मात्र सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन आणि व्हर्च्युअल सर्व्हर देणाऱ्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवावी लागते, तेव्हा भाड्याचा सर्व्हर निनावी आहे असं गृहीत धरू नका. घरून एक्झिट तर मुळीच चालवू नका. परक्यानं केलेल्या उद्योगासाठी पोलिस तुमच्या आईवडिलांच्या दारात येतील.

आणि डबी कोणासाठी, हे आधी ठरवा. नवऱ्याच्या ताब्यात घरचा राउटर आहे आणि जी बाई वकील शोधते आहे, तिला ही डबी उपयोगाची नाही, तिला फोनवरचा टॉर ब्राउझर हवा. स्रोतांशी बोलायला वेगळा लॅपटॉप ठेवणाऱ्या पत्रकाराला मात्र ती खरंच उपयोगी पडेल. माझ्या त्या पायवर आता स्नोफ्लेक प्रॉक्सी चालतो. ज्या देशांत टॉर अडवलंय तिथले लोक त्यातून टॉरच्या ब्रिजपर्यंत, म्हणजे अशा लोकांसाठीच्या प्रवेश-रिलेपर्यंत, पोचतात, आणि त्यात मी एक्झिट होत नाही. तुमच्या डबीचे नियम लिहून होईपर्यंत तुमच्या पायवरही तो चालू ठेवा.