अलीकडे निव्वळ आनंदासाठी कोणत्या मराठी कादंबऱ्या वाचल्यात? त्यातून काय मिळालं?

'काय मिळालं' हे कादंबरीला विचारूच नये. ठणकावून सांगते, कारण आमचा दादा हेच विचारून मला वर्षानुवर्षं छळत आलाय. तो फक्त यशस्वी माणसांची चरित्रं वाचतो. कादंबरी म्हणजे खोट्या माणसांची खोटी दुःखं, असं त्याचं म्हणणं.

यंदा पावसाळ्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तिला वाचायची बंदी, म्हणून मी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' तिला वाचून दाखवायला घेतली. माझी आधी वाचलेली होती, पण मोठ्याने वाचताना कळलं की माडगूळकरांच्या वाक्यात जीभ कुठेच अडखळत नाही. धनगरांच्या वाडीत नवखा मास्तर येतो, हळूहळू वाडीचा होतो, लोकांकडून तालीम बांधून घेतो. तालमीचं आलं आणि आई म्हणाली, "थांब जरा." तिचं माहेर इथलंच, बडोद्यातलं, दांडिया बाजारातलं. आजोबा जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे. घरी आले की पाठीला लाल माती चिकटलेली, आणि आजी न्हाणीघरात कढत पाण्याचा बंब पेटवून वाट बघत असायची. इतक्या वर्षांत आईने हे मला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी पुढे वाचणं झालंच नाही, ती बोलत राहिली.

शेवटी दुष्काळ पडतो, वाडी ओस पडते. पुस्तक मिटलं तर काळ्या चष्म्याआडून आई विचारते, "ती माणसं परत आली का गं?" दादा समोर चहा घेत होता. त्याच्या एका तरी चरित्रातल्या माणसाची आईने अशी चौकशी केलीय का?

दुसरी, विश्राम बेडेकरांची 'रणांगण'. युरोपातून निघालेलं जहाज, त्यावर हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन पळालेले ज्यू आणि त्यांच्यातली हॅर्टा. युद्ध पेटलं त्याच १९३९ साली ही छापली गेली. बेघर झालेल्या माणसांवर इतकं धारदार मराठीत मी दुसरं वाचलेलं नाही. 'गारंबीचा बापू'ही पुन्हा वाचली, पण पूर्वीइतकी रमले नाही.

बडोद्यात असाल तर मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जा. सयाजीरावांनी १९१० मध्ये बोर्डन नावाचे ग्रंथपाल अमेरिकेहून आणले आणि संस्थानात मोफत वाचनालयांचं जाळं उभं केलं. वाचणाऱ्याने नफा दाखवावा अशी अट महाराजांनी घातली नव्हती, हे मी दादाला तोंडावर सांगितलंय. चरित्रं वाईट असतात असं नाही, सयाजीरावांचं तर वाचावंच. पण प्रत्येक पुस्तकाकडे हिशेब मागायचा हे मला पटत नाही आणि पटणार नाही.

हो, घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर 'रणांगण' सध्या नको. शेवट फार जिव्हारी लागतो. आधी 'बनगरवाडी' घ्या, आणि ऐकणारं कुणी असेल तर मोठ्याने वाचा.