वाचकांचे प्रश्न : हाड भरून येण्यासाठी मूलपेशी कशावर बसवाव्यात?

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत काम करतो. गेल्या ऊस हंगामात माझ्या पुतण्याची मोटारसायकल ट्रॉलीला धडकली आणि त्याच्या नडगीच्या हाडाचा चुरा झाला. पुढे जखमेत पू झाल्याने मेलेले हाड काढावे लागले आणि आता तेथे ५ सेंटिमीटरची पोकळी आहे. एका दवाखान्यात मूलपेशींचे इंजेक्शन दिले की हाड आपोआप वाढेल असे सांगून मोठी रक्कम मागितली आहे. दुसरे डॉक्टर म्हणतात की, नुसत्या पेशींनी काही होत नाही, त्या कशावर बसवता हे महत्त्वाचे असते. याचा अर्थ काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे बरोबर आहे. मूलपेशी म्हणजे ज्यांपासून हाडासारख्या इतर पेशी तयार होऊ शकतात अशा पेशी; त्या ज्या आधारावर बसवतात त्याला वाहक म्हणतात. ओतकामाच्या वेळी स्लॅग (वितळलेल्या धातूतील मळी) अडवण्यासाठी आपण रनरमध्ये, म्हणजे धातू साच्यात नेणाऱ्या वाटेत, जो स्पंजासारखा सिरॅमिक फिल्टर बसवता, तो एकदा उजेडासमोर धरून पाहावा. पॉलियुरेथेनचा स्पंज सिरॅमिकच्या पातळ लगद्यात बुडवून, पिळून भट्टीत भाजला की स्पंज जळून जातो आणि त्याच्याच आकाराची टणक जाळी मागे उरते. मूलपेशींसाठी हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचे, म्हणजे हाडातील खनिजाशी जुळणाऱ्या कॅल्शियम फॉस्फेटचे ठोकळे तयार करण्याची एक पद्धत नेमकी हीच आहे. कास्टिंगमध्ये पोरॉसिटी निघाली की आपला माल नाकारला जातो; येथे मात्र सारा खटाटोप त्या छिद्रांसाठीच असतो, आणि ती छिद्रे एकमेकांना जोडलेली असावी लागतात.

कारण असे की, केशवाहिनीपासून (सर्वांत बारीक रक्तवाहिनीपासून) साधारण १०० ते २०० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दूर पडलेल्या पेशीला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि ती मरते. म्हणूनच नव्या रक्तवाहिन्या आतपर्यंत शिरू शकतील अशी, साधारण ३०० मायक्रॉन किंवा त्याहून मोठी छिद्रे चांगली मानली जातात. छिद्रे वाढवली की ठोकळा ठिसूळ होतो, ही या कामातील खरी अडचण आहे. पोकळीत वाहकाशिवाय नुसतेच पेशींचे द्रव सोडले तर पेशी जागेवर टिकत नाहीत आणि त्यांना चिकटायला पृष्ठभागही मिळत नाही. मग एवढ्या मोठ्या पोकळीत हाडाऐवजी तंतुमय ऊतीच भरते.

वाहक किती वेगाने विरघळतो, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. कोलॅजन (हाडात व कातडीत असणारे प्रथिन) पेशींना मानवते, पण ते मऊ असल्याने भार पेलत नाही. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हे दुसऱ्या प्रकारचे कॅल्शियम फॉस्फेट काही महिन्यांत ते एक-दोन वर्षांत विरघळत जाते आणि त्याची जागा नवे हाड घेते. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट मात्र वर्षानुवर्षे तसेच राहते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन रुग्णांच्या ४ ते ७ सेंटिमीटरच्या पोकळ्यांत त्यांच्याच अस्थिमज्जेतील पेशी वाढवून हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटच्या सच्छिद्र ठोकळ्यांवर बसवल्या होत्या. त्यांची हाडे जुळून आली. पण ठोकळे कित्येक वर्षांनंतरही विरघळलेले नव्हते. ही वाट आशेची आहे असे मला मनापासून वाटते, परंतु ती अजून नेहमीच्या उपचारांपैकी झालेली नाही.

आपल्या देशातील २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांतील प्रत्यारोपणासारखे मान्य उपचार सोडले तर मूलपेशींचा वापर नोंदणीकृत चाचणीतच (रुग्णांवर उपचार तपासून पाहणाऱ्या अभ्यासातच) करता येतो, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी त्या दवाखान्याकडे चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा आणि तो भारतीय चाचणी नोंदणीच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळून पाहावा. क्रमांक मिळत नसेल, तर कृपया एक रुपयाही देऊ नये.

पुतण्याच्या बाबतीत पहिले काम म्हणजे संसर्ग पूर्ण आटोक्यात आणणे, आणि त्यानंतर हाड हलू न देणे. कमरेच्या हाडाचा ग्राफ्ट (तेथून हाड काढून पोकळीत भरणे) किंवा इलिझारोव्ह रिंग (पायाबाहेरून तारांनी हाडाला जोडलेली कड्यांची चौकट) हे आजमावलेले उपाय आहेत. रिंगमध्ये हाडाचा कापलेला तुकडा रोज १ मिलिमीटर सरकवतात आणि त्याच्या मागे नवे हाड तयार होत जाते, म्हणजे ५ सेंटिमीटर भरायला सुमारे ५० दिवस, आणि नवे हाड कठीण व्हायला त्याहून बरेच महिने लागतात. एवढ्या काळात धीर सुटतो, याची मला कल्पना आहे. त्याला विडी-सिगारेट अथवा तंबाखूची सवय असेल, तर ती आजच बंद करावी; धूम्रपानाने हाड जुळणे लांबते.

प्रश्न : दाढ काढल्यावर माझ्या हिरडीत ‘बोन पावडर’ भरली. तीत मूलपेशी होत्या का?
– एक वाचक भगिनी, कागल

उत्तर : सहसा नसतात. ही पावडर म्हणजे बहुतेक वेळा नुसता वाहक असतो. दाढेच्या खळग्याला चारही बाजूंनी जिवंत हाड आणि भरपूर रक्तपुरवठा असल्याने पेशी तेथूनच त्यात शिरतात. नडगीतील मोठ्या पोकळीला ही सोय नसते. काही पावडरी गाईच्या हाडातील खनिजापासून तयार केलेल्या असतात. आपल्याला ते चालणार नसेल, तर कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटची पावडर वापरता येईल का, हे पुढच्या वेळी डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे.