नवा प्रिंटर घेतलास, आता हे ध्यानात ठेव

पहिला थ्रीडी प्रिंटर घेतलास, फार आनंद झाला. पण हजार साबणदाण्या छापून विकायचा विचार सोड. इंजेक्शन मोल्डिंगचा, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक दाबाने भरायचा, साचा महाग असतो खरा, पण एकदा तयार झाला की मिनिटाच्या आत नग बाहेर पडतो. तुझ्या प्रिंटरला त्याच नगाला काही तास लागतात. तिथे कारखानाच जिंकणार. तुझं बळ दहा-वीस नगांत आहे. बाजारात मिळेनासा झालेला शिलाई मशीनचा गिअर, मिक्सरचा तुटलेला खटका. यांच्यासाठी कोणी साचा पाडत नाही.

ही ताकद खुल्या आराखड्यांतून आली आहे. बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये रेपरॅप सुरू केला, स्वतःचेच बरेचसे भाग छापणारा प्रिंटर. २००९ मध्ये एफडीएमचं, म्हणजे वितळलेल्या प्लॅस्टिकचे थर रचून छापायच्या पद्धतीचं, मूळ पेटंट संपलं आणि किमती झपाट्याने उतरल्या. म्हणून मनापासून सांगतो, तूही तुझे आराखडे मापांसकट खुले ठेव.

रंगीत फिलामेंट, म्हणजे छपाईची प्लॅस्टिकची तार, नंतर; आधी बारीक मापं घ्यायला चांगला व्हर्निअर कॅलिपर घे. उन्हात उभ्या गाडीत बसवायच्या भागाला पीएलए हे नेहमीचं प्लॅस्टिक नको, मऊ पडतं; उष्णता जास्त सोसणारं पीईटीजी प्लॅस्टिक वापर. आणि पुण्याकडे आलास तर पाबळच्या विज्ञान आश्रमातली फॅब लॅब, म्हणजे अशा यंत्रांची कार्यशाळा, नक्की बघ.