शब्दशंका : ‘फॉल्ट’ला दरवेळी ‘दोष’ देऊ नका

प्रश्न : मी भाषांतरं करते. ‘फॉल्ट’साठी ‘दोष’ हा शब्द ठरवूनच टाकला होता. भूकंपावरच्या लेखात ‘खडकातील दोष’ लिहिलं, तर संपादकांनी लेख परत पाठवला. काय चुकलं?

उत्तर : संपादकांचं बरोबर आहे. भूगोलात फॉल्ट म्हणजे प्रस्तरभंग. नुसती भेग पडून भागत नाही. भेगेच्या दोन बाजूंचे खडक एकमेकांना घासून वर-खाली किंवा आडवे सरकलेले असावे लागतात. न सरकलेल्या भेगेला इंग्रजीत ‘जॉइंट’ म्हणतात. तिथे ‘सांधा’ लिहिलंत तर अर्थ उलटाच होईल, तेव्हा सरळ ‘भेग’ लिहा.

हा अर्थ खाणीतून आला. कोळशाचा थर खणत जावा आणि तो एकाएकी संपून समोर दगडच यावा, कारण पुढचा थर सरकून भलत्याच पातळीवर गेलेला. थोडक्यात, थर चुकला. आपल्या ‘चुकणे’कडे पाहा : गाडी चुकते, नेम चुकतो, काळजाचा ठोका चुकतो. त्यात अपराध असेलच असं नाही. हवी ती गोष्ट हव्या त्या जागी सापडली नाही, इतकंच. फॉल्टचं मूळही फसवणे, दगा देणे अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. शिकारी कुत्र्यांचा माग सुटला की तीही ‘अ‍ॅट फॉल्ट’ असत. आज मात्र त्याचा रूढ अर्थ ‘चूक ज्याची तो’.

प्रश्न : संगणकाच्या नोंदींत हजारो ‘पेज फॉल्ट’ दिसतात. मेमरी खराब झाली का?

उत्तर : नाही. इथेही चुकामूकच आहे. प्रोग्रॅमने मेमरीचं एक पान मागितलं (बहुधा 4 किलोबाइटचं) आणि ते त्याला जोडलेलं नव्हतं. प्रोसेसर थांबतो, ऑपरेटिंग सिस्टिम पान आणून जोडते आणि अडलेली सूचना पुन्हा चालते. पान मेमरीत आधीच असेल आणि फक्त जोडायचं राहिलं असेल तर तो ‘मायनर’. डिस्कवरून वाचून आणावं लागलं तर ‘मेजर’. मेजरचा आकडा सतत चढत असेल आणि यंत्र रखडत असेल, तर मेमरी अपुरी पडत असल्याचा संशय घ्यावा. प्रोग्रॅमने परवानगी नसलेल्या पत्त्यावर हात घातला तर मात्र सिस्टिम त्याला बहुधा बंदच करते. तो खरा दोष.

सॉफ्टवेअर तपासणीत हा शब्द आणखी काटेकोर आहे. नियम असा : 18 वर्षं पूर्ण झालेल्याला प्रवेश. लिहिणाऱ्याने ‘18 किंवा जास्त’ऐवजी ‘18 पेक्षा जास्त’ अशी अट घातली. त्याच्या डोक्यातला घोळ म्हणजे ‘एरर’, ती चुकीची ओळ म्हणजे ‘फॉल्ट’, आणि 18 वर्षांच्या मुलाला प्रवेश नाकारला जातो ते ‘फेल्युअर’. नेमक्या 18 वर्षांचं कुणी आलंच नाही, तर फॉल्ट वर्षानुवर्षं पडून राहतो आणि फेल्युअर घडत नाही. मराठीत अनुक्रमे चूक, दोष, बिघाड असे शब्द योजले की गोंधळ होत नाही. ‘दोष’ चपखल बसतो तो इथे.

प्रश्न : ‘जनरस टू अ फॉल्ट’ ही स्तुती की टीका?

उत्तर : बहुधा स्तुतीच, पण डोळे मिचकावून केलेली : गुण इतका वाढला की त्याचाच अवगुण व्हावा. ‘सदोष उदारपणा’ असलं काही लिहू नका. ‘नको इतका उदार’ म्हणा.

प्रश्न : जुन्या पुस्तकांच्या लिलावाच्या यादीत ‘विथ ऑल फॉल्ट्स’ लिहिलेलं असतं. दोषांची यादी कुठे मिळेल?

उत्तर : यादी नसतेच. ‘जसं आहे तसं’ विकायला काढलंय, असा त्याचा अर्थ. घरी नेल्यावर चार पानं कमी भरली तर सहसा तक्रार चालत नाही. म्हणून बोली लावण्याआधी पानं मोजून घ्यावीत.

प्रश्न : टेनिसमधल्या ‘फॉल्ट’ला मराठी शब्द?

उत्तर : फॉल्टच ठेवा. फक्त ‘लेट’शी गल्लत नको : सर्व्हिस जाळीला लागून योग्य चौकटीत पडली तर लेट, ती पुन्हा करायची; जाळीला लागून चौकटीबाहेर गेली तर फॉल्ट. लागोपाठ दोन फॉल्ट झाले की गुण गेला.